परसातला करांदा: मांडवाची शोभा, उपासाचा कंद

अलिबाग, नागाव, रेवदंड्याच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत करांद्याचा वेल सहज वाढतो. बदामाच्या आकाराची, ठळक कमानदार शिरांची मोठी पानं पावसाळाभर मांडव झाकून टाकतात. कंद मात्र वेलीवर, पानांच्या बेचक्यात लोंबतात.

लावण: मे महिन्यात, पावसाआधी. कोंब फुटलेला करांदा शेणखत घातलेल्या उंचवट्यावर पुरावा. खारं पाणी शिरणारी किंवा पाणी साचणारी जागा टाळावी, कंद कुजतो.

आधार: मांडव, कुंपण किंवा झाड. वेल डावीकडे वळत चढतो. करांद्यासारखंच वेलीवर वाढणारं, पण चौकोनी, पंखदार खोडाचं कोनफळ मात्र उजवीकडे वळतं.

काढणी: दिवाळीनंतर पानं पिवळी पडली की करांदे आपोआप गळू लागतात. काही बियाण्यासाठी कोरड्या जागी ठेवावेत.

ताटात: राखाडी, खरबरीत सालीखाली पिवळसर, चिकट गर असतो. मिठाच्या पाण्यात उकडून, सोलून खावा. उपासालाही चालतो.

जपून: रानटी करांदे कडू आणि कच्चे बाधणारे असतात. जाणकार ते काप करून, राखेच्या पाण्यात उकडून, धुऊनच खातात. ओळख पक्की नसेल तर खाऊ नयेत.

जगात: 1905 मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात नेलेला हाच वेल तिथे जंगलं व्यापणारं तण ठरला. म्हणून गळलेले करांदे वेचून घ्यावेत; मात्र हे जुनं बियाणं आपल्या परसात जपावं.