घाट बंद होते ती वर्षे

घोड आणि कुकडी या दोन नद्यांच्या खोऱ्यांत, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील आंबेगाव आणि जुन्नर या तालुक्यांत, रब्बीची पिके हाताशी येऊ लागली की गावोगावच्या यात्रांची जी मालिका सुरू होते, तिचे मुख्य प्रयोजन ग्रामदैवताचे दर्शन हे असले, तरी त्या दर्शनाइतक्याच निष्ठेने ज्याची वर्षभर वाट पाहिली जाते, तो सोहळा बैलगाड्यांच्या शर्यतीचा होय. नागापूरजवळच्या थापलिंगच्या खंडोबापुढे पौष पौर्णिमेस नवसाचे गाडे पळतात, आणि तेथून वैशाखापर्यंत या मुलखात आज या गावी, तर उद्या त्या गावी, भंडाऱ्याची उधळण आणि गाड्यांचा पुकारा चालूच राहतो. हा क्रम 2011 साली सरकारी मनाईने तुटला, आणि मधल्या तात्पुरत्या सवलती वगळल्या तर 2021च्या अखेरीपर्यंत तुटलेलाच राहिला. एखादी स्पर्धा बंद पडते तेव्हा तिच्यासोबत काय काय बंद पडते, आणि ती पुन्हा उभी राहते तेव्हा तिच्यात काय बदललेले असते, हे समजून घ्यावयाचे असेल तर या दोन तालुक्यांचा अनुभव विचारात घेण्याजोगा आहे.

प्रथम शर्यतीचे स्वरूप सांगितले पाहिजे; कारण महाराष्ट्रात बैलांच्या शर्यती अनेक परींच्या आहेत आणि त्यांची सरमिसळ केल्याने पुष्कळ गैरसमज झाले. सातारा-सांगलीकडील शर्यतीत हलक्या छकड्यावर गाडीवान असतो आणि अनेक गाड्या एकाच वेळी सुटतात. जुन्नर-आंबेगावची रीत निराळी. येथे धावपट्टीला घाट म्हणतात. ती चढणीची असते, आणि गाड्यावर कोणीही बसत नाही. धुरेला एक जोडी, तिच्यापुढे जुकाटाला दुसरी, असे चार बैल जुंपतात. त्यांच्यापुढे स्वारासह एक घोडी धावते आणि तिच्या मागे बैल चढण चढत जातात. एका वेळी एकच गाडा सुटतो, त्याला बारी म्हणतात. निशाण पडले की घड्याळ सुरू होते आणि गाडा वरच्या टोकाला पोहोचला की थांबते. अकरा-बारा सेकंदांत सगळा निकाल लागतो. ठरलेल्या सेकंदांत आलेले सर्व गाडे पहिल्या क्रमांकाचे मानले जातात आणि इनाम त्यांच्यात विभागून दिले जाते. त्यांतही जो सर्वांत वेगवान, तो त्या दिवसाचा ‘घाटाचा राजा’. प्रतिस्पर्ध्याला पाडण्यापेक्षा काळाशी झुंजण्यावर उभारलेली, आणि विजयाची वाटणी करणारी ही पद्धत मला फार उमदी वाटते. तिच्या या गुणाकडे न्यायालयीन वादाच्या गदारोळात कोणी फारसे लक्ष दिले नाही.

मनाईचे मूळ 1960च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या केंद्रीय कायद्याच्या बाविसाव्या कलमात आहे. ज्या प्राण्यांचे प्रदर्शन करण्यास किंवा त्यांना खेळांसाठी शिकविण्यास बंदी घालावयाची, त्यांची यादी जाहीर करण्याचा अधिकार हे कलम केंद्र सरकारला देते. या यादीत अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या आणि सिंह होते. 11 जुलै 2011 रोजी तीत बैलाची भर पडली आणि पुढच्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने बैलगाड्यांच्या शर्यती बंद केल्या. जुन्नरच्या शेतकऱ्याला बिबळ्या परका नाही, तो त्याच्या उसातच राहतो, आणि पकडलेल्या बिबळ्यांसाठी माणिकडोह येथे निवारा केंद्रही आहे. परंतु ज्याची पोळ्याला पूजा करावयाची, तो घरातला बैल त्या वन्य श्वापदाच्या ओळीत बसविला गेला, याचे त्याला झालेले दुःख खरे होते.

तथापि त्या दुःखाने दुसरी बाजू झाकली जाऊ नये. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूचा जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यती या दोहोंविरुद्ध जो निकाल दिला, त्यापूर्वी न्यायालयापुढे बैलांना टोचण्या लावल्याचे, शेपट्या पिरगाळल्याचे, मारहाण झाल्याचे पुरावे आले होते. वर्षभर ज्या बैलाला उडदाची भरड, दूध आणि अंडी घालून लेकरासारखे जपावयाचे, त्यालाच दहा-बारा सेकंदांच्या मोहाने पराणी टोचावयाची, ही विसंगती घाटांवर अजिबात नव्हती असे कोणीही प्रामाणिक गाडामालक म्हणणार नाही. ती आवरण्याचे काम यात्रा कमिट्यांनी आणि गावच्या पंचांनी वेळीच केले असते, तर हे प्रकरण न्यायासनापर्यंत जाण्याचे कारणच उरले नसते, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढील कायदेशीर प्रवास लांबलचक आहे; त्याचे मोजके टप्पे पुरेत. जानेवारी 2016 मध्ये केंद्राने सशर्त मुभा दिली, तिला पाच दिवसांतच स्थगिती मिळाली. 2017च्या आरंभी जल्लिकट्टूसाठी चेन्नईच्या समुद्रकिनाऱ्यावर प्रचंड जनसमुदाय लोटला आणि तमिळनाडूने स्वतःचा दुरुस्ती कायदा केला; कर्नाटकाने कंबळा या रेड्यांच्या शर्यतीसाठी आणि महाराष्ट्राने बैलगाड्यासाठी तोच मार्ग धरला. महाराष्ट्राच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, पण मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी शर्यतींना पुन्हा मज्जाव केला, आणि बैलाची शरीररचना धावण्याच्या स्पर्धेसाठी नाही असा अभिप्राय दिला. 2018 मध्ये हा सारा वाद घटनापीठाकडे सोपविला गेला, आणि तेथे तो काही वर्षे पडून राहिला.

ही मधली वर्षे दोन्ही तालुक्यांना जड गेली. यात्रा भरत होत्या, पालख्या निघत होत्या, रात्रीचे तमाशे होत होते. पण दिवसाचा घाट मात्र सुना असे. नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, आणि गावोगावचे पंच तेथे येऊन यात्रेची सुपारी देतात. त्या पंचांच्या यात्रेचे निम्मे आकर्षणच हरपले होते. खिलार जातीचा खोंड निवडून, हाताळून, दोन-तीन वर्षे राबून त्याला घाटावर आणणारा माणूस शेतीसाठी बैल पाळत नव्हता, कारण नांगरट केव्हाच ट्रॅक्टरकडे गेली होती. शर्यतच नाही म्हटल्यावर खोंडाला गिऱ्हाईक कोण, हा त्याचा प्रश्न होता. खिलार टिकविण्याचा जो युक्तिवाद पुढे न्यायालयात झाला, त्याचा उगम या गोठ्यांतील हिशेबात होता. गाडे बनविणारे सुतार, घोडी पाळणारे, वाजंत्रीवाले आणि रेवडी-भेळेची पाले मांडणारे यांची तर कोणी फारशी दखल घेतली नाही.

16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतिम निकाल लागेपर्यंत शर्यतींना परवानगी दिली. आंबेगावातील लांडेवाडीला नववर्षाच्या पहिल्याच दिवशी घाट भरविण्याची सिद्धता झाली, पण करोनाच्या नव्या लाटेमुळे प्रशासनाने ती ऐन वेळी थांबविली. शेजारच्या खेड तालुक्यातील निमगाव-दावडीच्या घाटावर फेब्रुवारी 2022 मध्ये खासदार अमोल कोल्हे यांनी निवडणुकीत दिलेला शब्द पाळण्यासाठी बारीपुढे घोडी धरली, तेव्हा लोटलेली गर्दी पाहून या खेळाची ओढ किती टिकून होती याची कल्पना बाहेरच्यांनाही आली. अखेर 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तिन्ही राज्यांचे दुरुस्ती कायदे वैध ठरविले, मात्र त्यांतील अटींची काटेकोर अंमलबजावणी करण्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर टाकली.

त्या अटी या खेळाच्या इतिहासातील खरी नवी गोष्ट आहे. पूर्वी केवळ वहिवाटीवर चालणारा घाट आता लेखी नियमांवर चालतो: जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, अनामत रक्कम, 1000 मीटरांहून अधिक नाही एवढी धाव, पशुवैद्यकाचा दाखला, काठी, चाबूक व विजेचा धक्का यांना पूर्ण बंदी. काही जुन्या मंडळींना हा कागदांचा व्याप नकोसा वाटतो, आणि एका दिवसाच्या यात्रेसाठी तालुक्याच्या कचेरीत घालावे लागणारे हेलपाटे पाहता तो त्रास मी नाकारीत नाही. पण बैलाच्या अंगावर वळ न उठवता अकरा सेकंदांत घाट चढविणे हीच खरी गाडामालकी आहे, आणि ती ज्यांना साधते त्यांची कीर्ती लिहून ठेवावी अशी व्यवस्था अजून व्हावयाची आहे. ज्या वहीत यात्रा कमिटी मंडप, वाजंत्री आणि भंडाऱ्याचा खर्च मांडते, त्याच वहीत त्या दिवशीच्या प्रत्येक बारीचे सेकंद, बैलांची नावे व वये आणि पशुवैद्यकाचा शेरा नोंदविण्यास येत्या पौष पौर्णिमेपासून थापलिंगलाच आरंभ करता येईल.