खोल समुद्रात मासेमारीसाठी ‘डीप-व्ही’ बोट घेताय? आधी तळ तपासा

उसळत्या समुद्रात सपाट तळाची बोट लाटेवर आपटते. ‘डीप-व्ही’ बोटीचा निमुळता तळ मात्र लाट कापत जातो. १९६० मध्ये रे हंट यांनी आरेखित केलेल्या अशाच बोटीने मायामी-नासाऊ शर्यत जिंकली आणि हा आकार गाजला.

या बोटींच्या तळाचा मागच्या टोकाचा कोन साधारण २० ते २४ अंश असतो. कोन जास्त, तर धक्के कमी; पण इंधन जास्त लागते आणि थांबलेली बोट अधिक डोलते.

बजेट कमी असेल तर जुनी बोट घेता येते. इंजिन बदलता येते, तळ नाही. अनेक जुन्या फायबर बोटींच्या आत लाकूड असते; पाणी मुरले की ते कुजते. म्हणून इंजिन बसवलेली मागची भिंत हातोडीने हलकेच ठोकून पाहा. आवाज बद्द आला, तर जाणकाराला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.