सहा वर्षांचे पाय आणि पंधरा किलोमीटर

लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे राजमाचीला जाणारी वाट सुमारे १५ किलोमीटरची आहे. मोठे चढउतार नाहीत, म्हणून 'मुलांना घेऊन जायला सोपी' असे तिच्याविषयी सर्रास सांगितले जाते. तेच ऐकून आम्ही दोघे एका फेब्रुवारीअखेर आमच्या सहा वर्षांच्या मुलीसह निघालो. निघण्यापूर्वी हिशेबही केला होता. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक ठोकताळा दिला. मेट्रिक मापांत तो साधारण असा : दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. त्यानुसार सकाळी सातला निघून, विश्रांती धरूनही, अकराच्या आत राजमाचीच्या पायथ्याची उधेवाडी गाठायची, जेवायचे आणि कर्जतच्या बाजूला कोंडिवड्याला उतरायचे, असा बेत होता. प्रत्यक्षात उधेवाडीतच दीड वाजला.

ठोकताळा खोटा नव्हता. तो धडधाकट प्रौढांसाठी होता, आणि मूल म्हणजे लहान मापाचा प्रौढ असे आम्ही गृहीत धरले होते.

चालणे म्हणजे काय ते पाहू. टेकलेले पाऊल हे केंद्र आणि पाय ही त्रिज्या धरली, तर प्रत्येक पावलागणिक आपले कंबरेवरचे शरीर वर्तुळाच्या कमानीवरून पुढे सरकते. वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूला केंद्राकडे ओढणारे बल लागते. इथे ते गुरुत्वाकर्षणाकडूनच मिळते. म्हणजे वेगाचा वर्ग भागिले पायाची लांबी (v²/L) ही राशी गुरुत्वत्वरणापेक्षा (g) जास्त होऊ शकत नाही. झाली तर पाऊल जमिनीवर टिकणारच नाही. प्रत्यक्षात ती g च्या निम्म्यावर आली की आपण आपोआप धावू लागतो. मॅक्नील अलेक्झांडर या प्राणिशास्त्रज्ञांनी लहानमोठ्या प्राण्यांची चाल याच गुणोत्तराने तोलून पाहिली. गुणोत्तर सारखे असेल तर चालीही सारख्या असतात.

आता आकडे घालू. प्रौढाच्या पायाची लांबी ९० सें.मी. आणि आमच्या मुलीची ५५ सें.मी. वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. ५५ भागिले ९० चे वर्गमूळ सुमारे ०.७८. आम्हाला तासाला ५ कि.मी. ही जी सहज चाल, तीच तिच्यासाठी तासाला ३.९ कि.मी. उलट बाजूने पाहिले तर आमच्या बरोबरीने चालताना तिला जे पडत होते, ते आम्हाला तासाला ६.४ कि.मी. वेगाने पडले असते. त्या वेगाने आम्ही स्वतः दोन तासही चाललो नसतो. पण तिला मात्र पहिले दोन तास 'चल, चल' म्हणून हाताला धरून नेले. पुढची सारी रखडपट्टी त्या दोन तासांची होती.

विश्रांतीचेही असेच. थोड्या वेळाच्या जोरकस श्रमानंतर लहान मुले प्रौढांपेक्षा लवकर ताजीतवानी होतात, हे प्रयोगांतून दिसले आहे. 'पाय दुखतात' म्हणून बसलेले मूल पाच मिनिटांत सरड्यामागे पळते, आणि आपण त्याला नाटक म्हणतो. नाटक दोन्हींपैकी एकही नसते. दुखणे खरे असते आणि पळणेही. दोन तास सलग चालून अर्धा तास बसणे ही मोठ्यांची सोय. मुलांना वीस-पंचवीस मिनिटांनी पाच मिनिटे थांबणे, घोटभर पाणी, राजगिऱ्याचा लाडू किंवा चिक्कीचा तुकडा मानवतो.

मात्र त्या दिवशीचा खरा धोका पायांत नव्हता. अकराच्या सुमारास मुलीची कुरकुर थांबली. आम्हाला बरे वाटले, तिला सवय झाली असे आम्ही एकमेकांना म्हणालोही. ती गप्प का झाली हे उशिरा लक्षात आले. चेहरा लालबुंद, डोके दुखते म्हणाली, पाणी नको म्हणाली.

स्नायूंत निर्माण होणारी उष्णता वस्तुमानावर अवलंबून असते आणि ती बाहेर पडते त्वचेतून. ६५ किलोच्या प्रौढाची त्वचा सुमारे १.७ चौरस मीटर, म्हणजे किलोमागे २६० चौरस सें.मी. २० किलोच्या मुलाची ०.८ चौरस मीटर, म्हणजे किलोमागे ४०० चौरस सें.मी. हवा त्वचेपेक्षा थंड असेल तेव्हा हा मुलांचा फायदाच असतो. पण भर उन्हात, तापलेल्या कातळावर हेच दार उष्णता आत घेते. शिवाय मुलांना घाम कमी येतो; त्यांचे शरीर रक्त त्वचेकडे वळवण्यावर अधिक भिस्त ठेवते. म्हणून चेहरा लाल. (पावसाळ्यात भिजलेले मूल आपल्याआधी गारठते, तेही याच गुणोत्तरामुळे.) मुले उन्हापुढे मुळातच दुबळी, असे पूर्वी पाठ्यपुस्तके सांगत. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ साली हे मत बदलले. पुरेसे पाणी, विश्रांती आणि श्रमांना आवर असेल तर निरोगी मुले उष्म्यात बरीचशी मोठ्यांसारखीच टिकतात. आमच्या सहलीत या तिन्हींची वानवा होती.

उधेवाडीत एका ओसरीवर सावलीत तिला निजवले, ओल्या फडक्याने अंग पुसत वारा घातला, घोटघोट लिंबूसरबत दिले. तासाभराने ती बोलू लागली. कोंडिवडे रद्द झाले, मुक्काम गावातच पडला.

शाळेची सहल ठरवण्यापूर्वी मैदानावर एक तास द्यावा. प्रत्येकाच्या पायाची लांबी खुब्यापासून जमिनीपर्यंत मोजावी. मग मुलांनी चालीचा वेग वाढवत न्यावा आणि धावावेसे वाटू लागते त्या वेगाने पुन्हा २० मीटर चालावे. त्याची वेळ घ्यावी. वेगाचा वर्ग आणि लांबी यांचा आलेख आठवी-नववीची मुले सहज काढतील. बिंदू थोडे विखुरतील, त्यावरही चर्चा करता येते. वेळापत्रक सर्वांत आखूड पायांवरून आखावे आणि तेच मूल पुढे ठेवावे. पाठीवरचे ओझे वजनाच्या दहा टक्क्यांपुढे नको, दप्तराबाबत २०२० च्या राष्ट्रीय धोरणात हीच मर्यादा आहे.

पुढच्या डिसेंबरात आम्ही त्याच वाटेने पुन्हा गेलो. साडेसहाला निघालो, मुलगी पुढे, आणि साडेदहा वाजता असू तिथून परतायचे हे आधीच ठरलेले. साडेदहाला राजमाची अजून बरीच दूर होती.