अजित वाडेकर : कर्णधारपदापासून संघ-व्यवस्थापकपदापर्यंत

प्रस्तावना : उत्तम खेळाडू आपोआप उत्तम व्यवस्थापक होतो, असा समज सर्वत्र आढळतो. अजित वाडेकर (१९४१-२०१८) यांच्या कारकिर्दीच्या आधारे हा समज तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कर्णधार : डावखुरे फलंदाज वाडेकर यांनी ३७ कसोटींत २११३ धावा केल्या. १९७१ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने वेस्ट इंडीज व इंग्लंड येथे प्रथमच कसोटी मालिका जिंकल्या. ओव्हलवर चंद्रशेखर यांच्या फिरकीपुढे इंग्लंडचा डाव १०१ धावांत आटोपला. १९७४ मध्ये मात्र इंग्लंडमध्ये ०-३ असा पराभव झाला व त्यांची कसोटी कारकीर्द संपली.

व्यवस्थापक : १९९२ ते १९९६ या काळात ते भारतीय संघाचे व्यवस्थापक होते. काम प्रशिक्षकाचे होते. मैदानावरील निर्णय कर्णधार मोहम्मद अझरुद्दीन यांचे असत. १९९३ मध्ये कुंबळे, राजू व चौहान या तीन फिरकी गोलंदाजांच्या बळावर भारताने मायदेशी इंग्लंडला ३-० असे हरविले. १९९४ मध्ये ऑकलंड येथे सचिन तेंडुलकर यांना सलामीला पाठविण्यात आले. त्यांनी ४९ चेंडूंत ८२ धावा केल्या. परंतु १९९६ च्या विश्वचषकात ईडन गार्डन्सवरील उपांत्य सामन्यात नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण स्वीकारणे संघाच्या अंगाशी आले.

निष्कर्ष : कर्णधार निर्णय घेतो, व्यवस्थापक खेळाडू पारखतो व त्यांच्यावर विश्वास टाकतो. वाडेकरांचा अनुभव या दुसऱ्या कामी आला. सामन्यातील प्रत्यक्ष क्षण मात्र त्यांच्या हाती नव्हता. महाविद्यालयीन संघासाठी मार्गदर्शक निवडताना हा भेद ध्यानात घेणे आवश्यक ठरते.