मनगटावरचे घड्याळ आणि पावलांचा हिशेब

नागपूरच्या झिरो माईल येथील दगडावर दूरदूरच्या गावांची अंतरे कोरलेली आहेत. ब्रिटिश अमदानीत भूमापकांनी साखळ्या आणि कोन मोजणारी यंत्रे घेऊन या देशाची जमीन पायाखाली घातली, तेव्हा कुठे अशी अंतरे ठरली. आज हुडकेश्वरच्या मैदानावर पहाटे धावणाऱ्या आमच्या विद्यार्थ्याच्या मनगटावरील साधे जीपीएस घड्याळ तेच काम चालता चालता करते. वसतिगृहात असे एकच घड्याळ आहे आणि ते पाळीपाळीने वापरले जाते. त्याच्या उपयोगाविषयी आणि त्याच्या मर्यादांविषयी आम्हांला जे उमगले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने येथे मांडत आहोत.

आमच्याकडील अनेक मुलामुलींच्या दृष्टीने धावणे हा केवळ छंद नाही. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुष उमेदवारांना १६०० मीटर आणि महिला उमेदवारांना ८०० मीटर धावावे लागते. तेथे काही सेकंदांवर गुण ठरतात आणि त्या गुणांवर एखाद्या घराचे भवितव्य अवलंबून असते. म्हणून आपण किती आणि कसे धावलो, हे अचूक कळणे महत्त्वाचे ठरते.

हे घड्याळ अंतर कसे ओळखते? पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून जीपीएसचे उपग्रह फिरत असतात. प्रत्येक उपग्रह आपले स्थान आणि आपली वेळ सतत प्रक्षेपित करतो. तो संदेश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर वेगाने येतो. त्याला पोहोचण्यास किती वेळ लागला, यावरून उपग्रहापर्यंतचे अंतर काढले जाते. किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की आपले स्थान निश्चित होते. वेळेत एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर अंतरात ३०० मीटरची चूक होते. म्हणूनच या उपग्रहांवर अणुघड्याळे बसविलेली असतात. आपले घड्याळ ही स्थाने एकामागून एक टिपते आणि ती जोडून धावलेले अंतर सांगते.

यातूनच वापराचा पहिला नियम निघतो. धावण्यापूर्वी मोकळ्या आकाशाखाली उभे राहावे आणि उपग्रहांचा संकेत मिळाल्याची खूण दिसल्यावरच बटण दाबावे. घाईने सुरुवात केल्यास पहिले शेकडा-दोनशे मीटर चुकीचे नोंदले जाऊ शकतात. उंच इमारतींच्या किंवा दाट झाडांच्या आडोशाला संदेश अडतात, परावर्तित होतात आणि आकडा भरकटतो.

दुसरा नियम पेसचा. पेस म्हणजे एक किलोमीटर धावण्यास लागणारा वेळ. १६०० मीटर सहा मिनिटांत धावणाऱ्याचा पेस किलोमीटरला ३ मिनिटे ४५ सेकंद होतो. म्हणजे ४०० मीटरचा प्रत्येक फेरा ९० सेकंदांचा. बीड जिल्ह्यातील मांडवा गावच्या अविनाश साबळे यांनी २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचे रौप्यपदक ८ मिनिटे ११.२० सेकंदांत मिळविले. अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडतही त्यांचा सरासरी पेस सुमारे २ मिनिटे ४४ सेकंद होता. पडद्यावरचा क्षणाक्षणाचा पेस मात्र सतत खालीवर होतो. त्याच्याकडे पाहत धावू नये. फेऱ्याची सरासरी पाहावी.

तिसरा नियम असा, की घड्याळाचीही परीक्षा घ्यावी. स्थान सांगताना काही मीटरांचा फरक पडतो आणि गोल मैदानाच्या वळणांवर तो साचत जातो. १६०० मीटरमध्ये ३० मीटर कमी धावणे झाले, तर वरील पेसने जवळजवळ सात सेकंदांची खोटी प्रगती दिसते. भरतीच्या दिवशी ती उघडी पडते. म्हणून आम्ही चाचणीची धाव फितीने मोजून फक्कीने आखलेल्या फेऱ्यावरच घेतो आणि प्रत्येक फेऱ्याला लॅपचे बटण दाबतो. जीपीएसचे अंतर लांबच्या सरावासाठी उपयोगी मानतो.

या लॅपच्या बटणानेच आमच्या एका विद्यार्थ्याचे डोळे उघडले. तो शेवटच्या फेऱ्यात नेहमी कोलमडत असे आणि आपल्या अंगात दमच नाही, असे त्याने धरून ठेवले होते. धावणे सोडण्याचे त्याच्या मनात घोळत होते. नोंद पाहिली तेव्हा चार फेरे ७५, ८८, ९५ आणि १०२ सेकंदांचे निघाले. एकूण सहा मिनिटे. उणीव दमाची नव्हती, पहिल्या फेऱ्यातील उतावळेपणाची होती. काही आठवडे त्याने पहिला फेरा आवरून धावण्याचा सराव केला. त्यानंतरच्या चाचणीत त्याचे फेरे ८८, ८९, ८९ आणि ८६ सेकंदांचे झाले. एकूण ५ मिनिटे ५२ सेकंद. आठ सेकंदांहून मोठी कमाई म्हणजे त्याचा स्वतःविषयीचा गैरसमज गेला.

तरीही घड्याळाला सर्व काही कळत नाही. नागपूरचा मे महिना, अपुरी झोप, आदल्या दिवशीचा ताप, घरची काळजी यांपैकी काहीही त्याच्या पडद्यावर उमटत नाही. उन्हाळ्यात तोच पेस राखण्यास शरीराला अधिक कष्ट पडतात. अशा वेळी आकड्यासाठी हट्ट धरणे धोक्याचे असते. चक्कर, मळमळ किंवा छातीत दुखणे जाणवल्यास घड्याळाकडे न पाहता थांबावे आणि शिक्षकांना सांगावे, हे आम्ही प्रत्येकाला बजावतो. तसेच एकाचा आकडा दुसऱ्याला हिणविण्यासाठी वापरू देत नाही. प्रत्येकाची वही वेगळी आणि तुलना आपल्याच मागील पानाशी.

आता आमच्या मैदानावर एक प्रघात रुळला आहे. फेरा संपताच धावणाऱ्याने आधी आपला अंदाज सांगायचा आणि मगच घड्याळ पाहायचे. सुरुवातीला दहा-दहा सेकंदांची चूक होते. हळूहळू ती दोन-तीन सेकंदांवर येते. परीक्षेच्या मैदानावर घड्याळ हाताशी असेलच असे नाही, पण श्वास आणि पावले सोबत असतात. त्यांची भाषा कळू लागली, की ते एकुलते घड्याळ पुढच्या मुलाच्या मनगटावर बांधण्याची वेळ झाली, असे आम्ही समजतो.