हॉटेलातलं प्लास्टिक: सुरुवात मोरीपासून

टेबलावर बसून मिनिटही होत नाही, तोच वेटर विचारतो, “साधं की बिसलेरी?” सोबत पाहुणे असले की ‘साधं’ म्हणताना जीभ जरा अडखळते. साधं म्हणजे फुकटचं आणि फुकटचं म्हणजे कंजूषपणाचं, असा अर्थ त्या प्रश्नाला कधी चिकटला कोण जाणे. आपण “बिसलेरी” म्हणतो. बाटली येते, अर्धी प्यायली जाते, उरलेली टेबलावरच राहते.

हा लेख अशा बसून खायच्या हॉटेलांबद्दल आहे. उडुपी, मिसळीची दुकानं, थाळीवाले, खानावळी, कोपऱ्यावरची ‘फॅमिली रेस्टॉरंट’. गाडीवर वडापाव विकणाऱ्याची अडचण वेगळी असते. त्याच्याकडे ना टेबल, ना नळ. बसून खायच्या हॉटेलात मात्र ताट, वाटी, पेला आणि ते धुवायला मोरी, हे सगळं आधीपासूनच असतं. तरीही तिथून रोज गोणीभर प्लास्टिक बाहेर पडतं. ते येतं कुठून आणि थांबवायचं कसं, एवढंच इथे पाहायचं आहे.

आधी वजन करून पाहू

एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकचा विषय निघाला की पहिला मार स्ट्रॉला बसतो. स्ट्रॉ बंद केली, कागदी आणली, टेबलावर तशी हिरवी पाटी लावली की मालकालाही काहीतरी केल्यासारखं वाटतं. पण वजनकाटा वेगळं सांगतो. प्लास्टिकच्या स्ट्रॉचं वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास असतं आणि पाण्याच्या लिटरच्या बाटलीचं साधारण वीस ग्रॅम. म्हणजे एक बाटली चाळीस स्ट्रॉंच्या बरोबरीची.

समजा, एका मध्यम हॉटेलात दिवसाला शंभर टेबलं उठतात, त्यांतल्या चाळीस टेबलांवर बाटली जाते आणि पन्नास लोक स्ट्रॉ घेतात. महिन्याकाठी बाटल्यांचं प्लास्टिक झालं २४ किलो आणि स्ट्रॉंचं पाऊण किलो. स्ट्रॉ जाऊच द्या, त्यात वाद नाही. पण तिच्यावर थांबलात तर फार काही साधलं नाही.

वजन हे मात्र एकच माप झालं. दुसरं माप कचरा वेचणाऱ्या बायकांना विचारावं. पुण्यातल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या वेचकांसारख्या, रोज घरोघरचा नि दुकानांचा कचरा हाताळणाऱ्या कुणालाही विचारा. बाटली भंगारात विकली जाते, म्हणून ती निदान वेचली तरी जाते. सॉसची पुडी, लोणच्याची पुडी, बडीशेपेची पुडी यांना गिऱ्हाईक नाही. प्लास्टिकचे नि अॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले, आत सॉस माखलेला, वर खरकटं. तिचं वजन नगण्य, पण तिने बादलीभर ओला कचरा खतासाठी निकामी होतो. म्हणून माझ्या यादीत पहिली बाटली, दुसरी पुडी, तिसरं पार्सल. स्ट्रॉ बरीच खाली.

साधं पाणी

‘बिसलेरी’ हे नाव महाराष्ट्रात ‘पाण्याची बाटली’ याच अर्थाने रुळलं आहे. कंपनी मूळची इटालियन. १९६५च्या सुमारास ठाण्यात तिने पाणी बाटलीत भरायला सुरुवात केली, आणि तेव्हाच्या बाटल्या काचेच्या होत्या. प्लास्टिक पुढे आलं. हलकं, न फुटणारं, आणि परत न्यावं न लागणारं. शेवटची सोय विक्रेत्याची होती. तिची किंमत गावाबाहेरच्या डेपोत साठत गेली.

मालकाला बाटली आवडते, कारण ती काही न शिजवता पैसे देते. २०१७च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने असाही निर्णय दिला की हॉटेलं बाटलीवर छापलेल्या कमाल किमतीपेक्षा जास्त आकारू शकतात, कारण तिथे नुसतं पाणी नाही, बैठक आणि सेवाही विकली जाते. तेव्हा मालकाने बाटली आपणहून सोडावी, ही अपेक्षा भाबडी आहे.

पण गिऱ्हाईक बाटली का मागतं? बहुतेक वेळा पाण्यासाठी नाही, पेल्यासाठी. पेला हातात घेतला की कडेला ओठाचा ठसा, तळाशी साबणाचा वास, बाहेरून चिकट. मग पाणी कितीही गाळलेलं असलं तरी विश्वास उडतो. पाणी शुद्ध करण्याचं यंत्र भिंतीवर दिसेल असं लावणं, तपासणीचा अहवाल गल्ल्यापाशी टांगणं, झाकणाच्या काचेच्या बाटलीत किंवा तांब्यात पाणी भरून टेबलावर ठेवणं, हे सगळं चांगलंच. पण पेला लखलखीत नसेल तर ते वाया जातं. आणि वेटरचा प्रश्न बदलायला तर पैसाही लागत नाही. त्याने काही न विचारता साधं पाणी ठेवावं. ज्याला बाटली हवी तो मागेल.

सगळं येऊन थांबतं मोरीपाशी

हॉटेलात प्लास्टिक शिरतं ते बहुतेकदा मोरी तुंबते तेव्हा. रविवारी सकाळी दहा वाजता मिसळीच्या दुकानात उभे राहा. बाहेर नंबर लागलेले, आत टेबलं भरलेली, आणि भांडी घासणारा मुलगा गावी गेलेला. वाट्यांचा ढीग चढतो. काउंटरवरचा माणूस खालच्या फळीतून प्लास्टिकच्या वाट्यांची चळत काढतो. दही त्यात, जास्तीचा रस्सा त्यात, कांदा-लिंबूही त्यात. सोमवारी मुलगा परत येतो, पण प्लास्टिकच्या वाट्या पुन्हा खालच्या फळीत जात नाहीत, कारण त्या आहेतच सोयीच्या.

म्हणून प्लास्टिक कमी करायचं असेल तर पहिला खर्च मोरीवर करावा, असं माझं मत आहे. आपल्याकडे या कामाला सगळ्यात कमी पगार, सगळ्यात ओली आणि अंधारी जागा, आणि बहुधा सगळ्यात नवा माणूस. तो टिकत नाही यात नवल काय? रबरी हातमोजे, पाय कोरडे राहतील अशी फळी, गरम पाणी आणि दोनशे-चारशे रुपये जास्त पगार, एवढ्यावरही फरक पडतो.

पद्धतही महत्त्वाची. एकाच टबात दिवसभर पेले बुचकळून काढणं म्हणजे धुणं नव्हे. तीन हौद हवेत. पहिल्यात घासायचं, दुसऱ्यात स्वच्छ पाण्याने विसळायचं, तिसऱ्यात कडक गरम पाण्यातून काढायचं, आणि मग फडक्याने न पुसता जाळीवर उपडं घालून वाळवायचं. फडकं हा या साखळीतला सगळ्यात घाणेरडा दुवा आहे. मोठ्या हॉटेलाला भांडी धुण्याचं यंत्र परवडतं. त्यात शेवटची धार ८० अंशांच्या वर असते, रॅक मिनिट-दोन मिनिटांत निघतो, आणि हाताने धुण्यापेक्षा पाणीही सहसा कमी लागतं.

खर्चाचा हिशेब मांडून पाहू. चटणीसाठीची झाकणाची प्लास्टिकची डबी समजा रुपयाला पडते आणि दिवसाला शंभर लागतात. स्टीलची छोटी वाटी पंचवीस रुपयांना धरा. तीनशे वाट्यांचे साडेसात हजार झाले, म्हणजे अडीच महिन्यांत पैसे वसूल. वर धुण्याची मजुरी, साबण आणि पाणी धरलं तरी वर्षाच्या आत हिशेब जुळायला हरकत नाही. मालक एक रास्त तक्रार करतात, की चमचे आणि वाट्या खरकट्याबरोबर कचऱ्यात जातात. त्यावर उपाय अगदी देशी आहे. खरकट्याच्या बादलीवर मोठी चाळण ठेवायची. जे वाजेल ते वर राहील.

एक अडचण मात्र खरी आहे. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. ज्या गावात टँकरची वाट पाहिली जाते, तिथल्या मालकाला ‘स्टीलच्या वाट्या वापरा’ म्हणणं सोपं नाही. तिथे केळीचं पान किंवा खरी पत्रावळ हे जास्त शहाणपणाचं उत्तर. माटुंग्याच्या रामा नायक यांच्या उडुपी बोर्डिंगात, १९४२पासून चालत आलेल्या त्या जागी, पाण्याची टंचाई नसतानाही केळीच्या पानावर वाढतात आणि लोक त्यासाठी मुद्दाम जिने चढतात.

कायदा काय सांगतो

२६ जुलै २००५ला सांताक्रूझ वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, मुंबई बुडाली आणि तुंबलेल्या गटारांत पिशव्या सापडल्या. त्याच्या पुढच्या वर्षी राज्याने अविघटनशील कचरा नियंत्रणाचा कायदा केला. त्याच कायद्याखाली २३ मार्च २०१८ची प्लास्टिक आणि थर्माकोलबंदीची अधिसूचना निघाली आणि तीन महिन्यांची मुदत संपल्यावर, २३ जूनपासून, दंड सुरू झाला. पहिल्या वेळी ५ हजार, दुसऱ्या वेळी १० हजार, तिसऱ्या वेळी २५ हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. तिच्यात ताटं, कप, पेले, चमचे आणि स्ट्रॉ आहेतच, पण हॉटेलाच्या पार्सलचे डबे आणि पातळ पदार्थांच्या पिशव्याही आहेत. रबर लावून फुगवलेली सांबाराची पिशवी त्या दिवसापासून बेकायदा आहे. ती आजही दिसते, हा भाग वेगळा.

केंद्राची बंदी १ जुलै २०२२पासून आली. तिच्या यादीत ताट, कप, पेला, काटा, चमचा, सुरी, ढवळायची काडी, स्ट्रॉ, ट्रे आणि मिठाईच्या खोक्यांवरचं पातळ वेष्टनही आहे. पाण्याची बाटली आणि सॉसची पुडी मात्र तिच्यात नाही. म्हणजे माझ्या यादीतल्या पहिल्या दोन गोष्टी केंद्राच्या यादीबाहेरच राहिल्या. तिथे कायद्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

कागदी कप, चकचकीत पत्रावळ आणि ‘बायो’

बंदी आली की बाजार तिला बगल देतो. सगळ्यात मोठी बगल कागदी कपाची. नुसता कागद चहा धरून ठेवू शकत नाही, म्हणून आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०२०मध्ये असे कप तपासले. ८५ ते ९० अंशांचं शंभर मिलिलिटर पाणी पंधरा मिनिटं कपात ठेवलं, तर त्यात प्लास्टिकचे सुमारे २५ हजार सूक्ष्म कण उतरले. बसून चहा पिणाऱ्याला असा कप देण्याचं काहीच कारण नाही. काचेचा कटिंगचा पेला याहून स्वस्त पडतो आणि चहाही त्यात अधिक चांगला लागतो, हे शास्त्र नव्हे, माझं मत. राज्याने जुलै २०२२मध्ये प्लास्टिकचा लेप असलेली कागदी भांडीही बंदीत घेतली.

पत्रावळीचंही तेच. पळसाची पानं काड्यांनी टाचलेली पत्रावळ खरी. आता बाजारात मिळते ती बरेचदा यंत्रात दाबलेली, खालून प्लास्टिकचा पापुद्रा लावलेली. द्रोण चंदेरी. दिसायला परंपरा, उकिरड्यावर मात्र प्लास्टिकच. घेताना कड फाडून पाहावी, पापुद्रा सुटून येतो.

‘बायो’ किंवा ‘कंपोस्टेबल’ छापलेल्या वस्तूंना राज्याने २०२२च्या अखेरीस, प्रमाणपत्राच्या अटीवर, वाट मोकळी केली. पण मक्याच्या स्टार्चपासून केलेलं असलं प्लास्टिक कुजायला मोठ्या खतप्रकल्पातली साठ अंशांच्या जवळपासची उष्णता लागते. गटारात किंवा उकिरड्यावर ते वर्षानुवर्षं जसंच्या तसं राहू शकतं. उसाच्या चिपाडाची ताटं त्यापेक्षा बरी, आणि साखरेच्या या राज्यात चिपाडाला तोटा नाही. तरी तीही पार्सलसाठीच ठेवावीत. समोर बसलेल्या माणसाला फेकायचं ताट देणं हे चिपाडाचं असलं तरी उधळपट्टीच.

पार्सल

इथे डबेवाल्यांचा दाखला द्यायचा मोह होतो, तो आवरतो. हॉटेलाचा डबा परत येत नाही, हीच तर मुख्य अडचण आहे.

तरी दोन गोष्टी होऊ शकतात. पहिली, न मागता काही न देणं. ऑगस्ट २०२१मध्ये झोमॅटोने चमचे-काटे हवे असतील तरच मागवावे लागतील अशी सोय केली. घरी जेवणाऱ्याच्या घरात चमचे असतातच, एवढी साधी गोष्ट ओळखायला एवढी वर्षं लागली. हॉटेलाच्या काउंटरवरही हेच चालेल. “चमचे, सॉस, कांदा घालू का?” असं विचारलं की निम्म्या वस्तू वाचतात.

दुसरी, गिऱ्हाइकाने आणलेला डबा आनंदाने भरून देणं. इथे मला स्वतःला नकार मिळाला आहे. एका हॉटेलात मी स्टीलचा डबा पुढे केला, तर “मापात बसत नाही” म्हणून सांबार आधी प्लास्टिकच्या डब्यात मोजलं, मग माझ्या डब्यात ओतलं आणि तो प्लास्टिकचा डबा माझ्यादेखत कचऱ्यात टाकला. दोष त्या मुलाचा नव्हता. त्याला मापासाठी पळी कुणी दिलीच नव्हती. अर्ध्या आणि एका लिटरच्या दोन पळ्या काउंटरवर टांगल्या की हा प्रश्न मिटतो. डबा आणणाऱ्याला पॅकिंगचे पाच-दहा रुपये कमी लावले, तर पुढच्या वेळी तो नक्की आणतो. मराठी माणसाला पाच रुपये वाचवायला आवडतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आपल्या बाजूने

वेटर पुन्हा विचारेल, “साधं की बिसलेरी?” मोठ्याने “साधं” म्हणा, पाहुणे असले तरी. आणि पेला स्वच्छ नसेल तर बाटली मागू नका, पेला बदलून मागा.