टिपूच्या वाघाच्या पोटातला बाजा

आज टिपू सुलतानच्या लाकडी वाघाबद्दल बोलूया. फोटो बहुतेकांनी पाहिला असेल: रंगवलेला वाघ, त्याच्याखाली उताणा पडलेला गोरा माणूस, वाघाचे दात त्याच्या मानेत. लांबी साधारण पावणेदोन मीटर. टिपूबद्दलची आपापली मतं क्षणभर बाजूला ठेवा, कारण खरी करामत आत आहे.

ज्यांनी पेटी वाजवली आहे त्यांना हे लगेच कळेल. वाघाच्या अंगाला एक दांडा आहे. तो फिरवला की आतले भाते चालतात. एक भाता माणसाच्या शरीरात. त्याची हवा गळ्यातल्या नळीतून तोंडावाटे निघते आणि विव्हळणं ऐकू येतं. त्याच वेळी माणसाचा डावा हात वरखाली होतो, आणि हात हलला की विव्हळण्याचा सूरही बदलतो! एकाच हालचालीतून दोन कामं काढणारा हा कारागीर मला फार मोठा वाटतो. वाघाच्या डोक्यात वेगळी यंत्रणा आहे, ती गुरगुरते.

आता कुशीवरची झडप उघडा. आत 18 हस्तिदंती बटणांचा छोटा ऑर्गन आहे. पेटीत धातूच्या पट्ट्या थरथरतात, इथे नळ्या वाजतात, म्हणजे जात चर्चमधल्या ऑर्गनची. त्यामुळे आतल्या कामात फ्रेंच हात असावा, असं अनेकांनी मांडलं आहे. टिपूच्या पदरी फ्रेंच कारागीर होतेही. कोरीव काम आणि रंग मात्र अस्सल म्हैसूरचे.

1792 च्या तहात टिपूने अर्धं राज्य गमावलं. त्या युद्धात मराठे इंग्रजांच्या बाजूने होते. 4 मे 1799 ला श्रीरंगपट्टण पडलं आणि वाघ राजवाड्यातल्या संगीताच्या दालनात सापडला. लुटीत तो लंडनला गेला. विजयचिन्हं जपायची फौजी हौस मी जाणतो. पण विजयचिन्ह म्हटलं की वस्तू बनवणारा विसरला जातो, तसंच झालं. 1808 पासून कंपनीच्या संग्रहालयात येणारे लोक हौसेने दांडा फिरवत, वाचनालयात बसलेले वैतागत. 1880 मध्ये वाघ साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये आला. दुसऱ्या महायुद्धात वरचं छत कोसळून त्याचे तुकडे झाले. ते पुन्हा जोडले.

आता तो काचेआड असतो, दांडा क्वचितच फिरतो. लंडनला गेलात तर जबड्यासमोर फोटो काढून निघू नका. कुशीच्या बाजूला उभे राहा.